कपाटाचे माप घेतले, पण…

घर बदलायचे म्हटले की आपण आधी भांडी कशात बांधायची याचा विचार करतो. मीही तेच केले. पण सामान दारापर्यंत पोचणार कसे, हा प्रश्न त्याच्याही आधीचा, हे मला या वर्षी कळले.

आम्ही उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहत होतो. हे गाव म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला. पुढे वस्ती वाढत गेली, पण आमची गल्ली काही रुंद झाली नाही. दोन्ही बाजूंना स्कूटरी लावल्या की मधून रिक्षासुद्धा जपून येते, तिथे टेम्पो कुठला यायला! म्हणून टेम्पो मोठ्या रस्त्यावर उभा करायचा आणि तिथवर हातगाडी, असे ठरले. आदल्या रात्री शेजाऱ्यांना सांगितले, "उद्या सकाळी गाड्या जरा पलीकडे लावाल का?" आधी विचारले की कुणी नाही म्हणत नाही, ऐन वेळी सांगितले की वादावादी ठरलेली.

नवे घर भाड्याचे, बदलापूर पश्चिमेला. टेम्पोवाल्याला 'पूर्व की पश्चिम' हे आधीच बजावून सांगा, नाहीतर रूळ ओलांडायला पुलाचा वळसा पडतो. आम्ही धरलेला दिवस नेमका महाशिवरात्रीचा निघाला. सासूबाईंच्याच ते लक्षात आले. "अगं, त्या दिवशी अंबरनाथच्या देवळाला जत्रा! टेम्पो गर्दीत अडकेल." मग दिवस पुढे ढकलला.

सोसायटीचे नियमही आधीच विचारून घेतले. सेक्रेटरींना अगोदर चिठ्ठी द्यायची, सामान अकरा ते चारच्या दरम्यानच चढवायचे, रविवारी नाही. आवारात गाड्यांची दाटी, त्यामुळे टेम्पो फाटकाबाहेर. आठवडाभर आधी मी टेप घेऊन गेले आणि दार, जिना, जिन्याचे वळण सगळे मोजले. साडेसहा फुटी लोखंडी कपाट वळणावर आडवे फिरणार नव्हते. मग फळ्या काढून ते हलके केले आणि हमालांना उभेच न्यायला सांगितले. पलंगाचे नटबोल्ट खोलून पुरचुंडीत बांधले. एक ओरखडा न पडता सगळे सामान वर! मी स्वतःवरच खूष.

मग सासूबाई आल्या. पहिल्या मजल्यावर पोचल्या आणि पायरीवरच बसल्या. घाम पुसत म्हणाल्या, "कपाटाला चौघं होती गं. मला एकटीलाच चढायचंय."

मला बोलताच येईना. नदीकाठच्या भागात २६ जुलै २००५ ला पाणी शिरले, २०१९ मध्ये पुन्हा शिरले. त्या धास्तीने ह्यांनी तिसरा मजला पाहिला, आणि मीही हो म्हटले. इमारतीला लिफ्ट नाही. त्यांचे गुडघे दुखतात हे मला माहीत नव्हते असे थोडेच! पण माझ्या यादीत कपाट होते, पलंग होता, सासूबाई नव्हत्या.

त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून गल्लीभर गप्पा मारणारी ती बाई आता आठवड्यातून एकदा खाली उतरते. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी त्यांच्यासाठी दाराशी खुर्ची ठेवली आहे. तिथे टेकून मग पुढे चढायचे. अकरा महिन्यांचा करार संपला की पहिल्या मजल्यावरची जागा बघायची, असे ह्यांनीही आता कबूल केले आहे.

तेव्हा घर बघायला जाल, तेव्हा टेप जरूर न्या. पण घरातल्या थकल्या माणसाला आधी सोबत न्या, एकदा जिना चढू द्या, आणि मगच आगाऊ रक्कम हातावर ठेवा.