पहिल्या चित्रपटाचा रस्ता

फ्रान्सच्या आग्नेय भागांत, रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावर लिआँ हें शहर वसलेलें आहे. रेशमी वस्त्रांसाठीं आणि पाककलेसाठीं त्याची ख्याति जुनी आहे. प्रवासीहि बहुधा तेवढ्यासाठींच तेथें जातात. परंतु ज्याच्या घरांत शाळकरी मुलें आहेत अशा गृहस्थानें तेथें गेल्यावर भुयारी रेल्वेनें माँप्लेझीर या भागांत अवश्य जावें. स्थानकाच्या नांवालाच ‘ल्युमिएर’ हें नांव जोडलेलें आहे. वर आलें कीं समोर एक थाटाचा उंच वाडा दिसतो. छायाचित्रणाच्या कांचा तयार करणारे कारखानदार आंत्वान ल्युमिएर यांनीं तो १८९९ ते १९०२ या काळांत बांधविला. आज त्यांत संग्रहालय आहे. जवळच्या रस्त्याचें नांव, मराठींत सांगावयाचें तर, ‘पहिल्या चित्रपटाचा रस्ता’.

हें नांव कां पडलें, तें जवळच्या एका जुन्या छपराकडे पाहिलें म्हणजे कळतें. कारखाना बहुतेक सारा नाहींसा झाला; हें छप्पर मात्र १९९४ सालीं ऐतिहासिक वास्तु म्हणून संरक्षित झालें, आणि त्याखालीं आतां चित्रपटगृह आहे. १८९५ च्या मार्च महिन्यांत आंत्वानचे चिरंजीव लुई यांनीं कारखान्याच्या दरवाज्यासमोर एक लांकडी पेटी मांडली. तिच्यांतील फीत थांबत थांबत पुढें सरकविण्याची युक्ति त्यांना शिवणयंत्रावरून सुचली होती. पेटीचा दांडा फिरूं लागला आणि कामकरी स्त्री-पुरुष दरवाज्यांतून बाहेर पडूं लागले. सुमारें १७ मीटर फीत आणि जेमतेम ५० सेकंदांचें दृश्य! त्याच वर्षीं २८ डिसेंबर रोजीं पॅरिसमध्यें तिकीट लावून जो खेळ झाला, त्यांतहि हें दृश्य होतें.

पाहणाऱ्याला वाटतें, यांत बनावट ती कसली? माणसें कामावरून घरीं निघालीं, एवढेंच. परंतु या चित्रपटाच्या तीन निरनिराळ्या प्रती उपलब्ध आहेत. एकींत एका घोड्याची गाडी बाहेर येते, दुसरींत दोन घोड्यांची, आणि तिसरींत घोडा मुळींच नाहीं. म्हणजे हें दृश्य एकदां घेऊन भागलें नाहीं. तें पुन्हा पुन्हा घेतलें गेलें. माणसें पेटीच्या अगदीं समोरून जातात, पण बहुतेक कोणी तिच्याकडे वळून पाहत नाहीं. प्रत्यक्ष जीवनाचें म्हणून जें चित्र जगानें कौतुकानें पाहिलें, त्यामागेंहि कोणाची तरी निवड होती. दरवाजा दिसतो, दरवाज्याआड चालणारें काम दिसत नाहीं. चित्रपटाच्या अभ्यासाचा पहिला धडा हाच होय.

फ्रान्समधील शिक्षणशास्त्र्यांनीं हा धडा माध्यमिक शाळेंत नेला आहे. १९८९ पासून तेथें अशी योजना आहे कीं, अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळेच्या वेळांतच चित्रपटगृहांत न्यावें, वर्षांतून किमान तीन निवडक चित्रपट दाखवावे, आणि मग वर्गांत शिक्षकांनीं त्यांचें विवेचन करावें. वरच्या वर्गांत, जेथें सोय आहे तेथें, चित्रपट हा विशेष विषय म्हणून घेतां येतो. २०१९ च्या पुनर्रचनेनंतर अशा विशेष विषयाला शेवटून दुसऱ्या वर्षीं आठवड्याला ४ तास व शेवटच्या वर्षीं ६ तास दिले जातात.

या शिक्षणांत ‘ल्युमिएर मिनिट’ नांवाचा एक सुंदर अभ्यास आहे. विद्यार्थ्यानें कॅमेरा एके ठिकाणीं ठेवावयाचा, तो हलवावयाचा नाहीं, आणि सुमारें एक मिनिट चित्रण करावयाचें. मागाहून कांटछांट नाहीं कीं जोड नाहीं. ऐकावयास सोपें, पण उभें कोठें राहावें, आरंभ केव्हां करावा, काय चौकटीबाहेर सोडावें, हें सारें आधीं ठरवावें लागतें. ज्यानें स्वतः हा निर्णय एकदां केला, तो दुसऱ्याचें चित्र पाहतांना विचारल्यावांचून राहत नाहीं कीं, येथें असा निर्णय कोणी केला आणि कशासाठीं?

या रस्त्याशीं आपलाहि ऋणानुबंध आहे. कारखान्याचें तें दृश्य ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत एक रुपया दरानें दाखविण्यांत आलें. त्या खेळांनीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांना वेड लावलें. त्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला, १८९९ सालीं कुस्तीचें चित्रण केलें, आणि १९०१ सालीं केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथराव परांजपे यांच्या स्वागताचें दृश्य टिपलें. विद्वानाचा सत्कार हा आपल्या पहिल्या चित्रविषयांपैकीं एक असावा, ही गोष्ट विद्याव्यासंगी घरांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

तथापि, आपल्याकडे सिनेमा म्हणजे अभ्यासाचा शत्रु, ही समजूत अद्यापि दृढ आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या वरच्या वर्गांना माध्यमांचा विषय ऐच्छिक म्हणून आहे. पण मुलानें तो घेतों म्हटलें कीं, ‘त्यांत शिकावयाचें तें काय?’ हा प्रश्न माजघरापासून ओटीपर्यंत उमटतो. वडीलधाऱ्यांची काळजी खोटी नाहीं. वेळ फुकट जाऊं नये असें त्यांना वाटतें. परंतु तो वेळ आजहि जातच आहे. भ्रमणध्वनीवर दिवसभर हलतीं चित्रें येतात, आणि नातवाइतकेच आजोबाहि त्यांवर विश्वास टाकतात. व्याकरणावांचून भाषा बोलतां येते, पण तींतील लबाडी ओळखावयास तिचें शिक्षण लागतें. चित्राचेंहि तसेंच आहे.

म्हणून लिआँस जाण्याचा योग न आला तरी हरकत नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील मुलांना एखादें चित्र दाखवावें आणि विचारावें: कॅमेरा कोठें उभा होता? तेथेंच कां? आणि दरवाज्याआड काय राहिलें? उत्तरें चुकलीं तरी चालतील; मात्र प्रश्न वडिलांनींहि स्वतःला विचारावे.