आजीलाही बसता येईल असा रोलर कोस्टर

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, कोळशाच्या डोंगरांत, एक छोटे करमणूक उद्यान शंभर वर्षे तग धरून आहे. नवा रोलर कोस्टर आणायची वेळ आली की तिथे आधी जुन्याचा विचार होतो.

न्यू जर्सीत मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळ्यात राहायला गेलेल्या आई-वडिलांना नायगारा दाखवला जातो, न्यूयॉर्क दाखवले जाते आणि नातवंडांच्या हट्टापायी एखाद्या भल्यामोठ्या करमणूक उद्यानातही नेले जाते. तिथे आजी-आजोबांचे काम ठरलेले असते. भरमसाट प्रवेशशुल्क भरून आत शिरायचे आणि दिवसभर एका बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या नि चपला सांभाळायच्या!

त्याच न्यू जर्सीतून मोटारीने पश्चिमेकडे तीन तासांच्या आसपास गेले की एलिसबर्ग नावाचे छोटे गाव लागते. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले डोंगर, मधून खळाळत जाणारा ओढा आणि त्या ओढ्याकाठच्या सावलीत वसलेले 'कनोबल्स'. स्पेलिंगमधला पहिला 'के' इथे मुका नाही. तो म्हटला नाही, तर तिथला माणूस हसून चूक सुधारतो.

फाटक नसलेली जत्रा

कनोबल्समध्ये शिरताना पाहुणा थोडा गोंधळतो. तिकिटाची खिडकी दिसत नाही, कारण प्रवेशाला पैसेच पडत नाहीत. मोटार उभी करायलाही नाहीत. ज्याला ज्या पाळण्यात बसायचे असेल त्याने तेवढ्याचे तिकीट घ्यावे, अगदी आपल्या गावच्या जत्रेसारखे. घरून आणलेला डबा झाडाखालच्या मेजावर उघडून बसायलाही कुणाची हरकत नसते. बाकावर बसणाऱ्या आजीचा खर्च शून्य!

या जागेची सुरुवातही अशीच साधी झाली. कनोबल कुटुंबाचा मूळ धंदा शेतीचा आणि लाकूड कापण्याचा. ओढ्यात डुंबायला रविवारी आसपासची मंडळी घोडागाड्यांतून येऊ लागली, तेव्हा हेन्री कनोबल यांनी त्यांच्या घोड्यांच्या चारापाण्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली. पुढे ४ जुलै १९२६ रोजी पोहण्याचा तलाव, एक उपाहारगृह आणि घोड्यांचे मेरी-गो-राउंड एवढ्या भांडवलावर उद्यान सुरू झाले. शंभर वर्षांनंतरही ते त्याच कुटुंबाकडे आहे आणि लाकडाचा व्यवसायही सुटलेला नाही.

आसपासचा मुलूख अँथ्रासाइट कोळशाचा. इथल्या खाणी बंद पडत गेल्या, गावे ओस पडली. जवळच्या सेंट्रेलिया गावाखालच्या खाणीत १९६२ साली लागलेली आग तर अजून विझलेली नाही. अशा भागातल्या कुटुंबांना सुटीचा एक दिवस खिशाला परवडेल असा घालवता यावा, हे या उद्यानाचे खरे काम. त्या खाणींची आठवण म्हणून आवारात एक छोटे संग्रहालयही आहे.

पाहुण्याने आधी थांबावे ते १९१३ सालच्या मोठ्या मेरी-गो-राउंडजवळ. लाकडात कोरलेले ६३ घोडे, वाद्याचा गजर आणि कडेच्या घोड्यावर बसून हात लांबवत कडी ओढणारी मुले. बहुतेक कड्या लोखंडी निघतात. ज्याच्या हाती पितळेची कडी लागते, त्याला पुढची फेरी फुकट! एकेकाळी अमेरिकेत हा खेळ सर्रास चाले. आता तो फारच थोड्या ठिकाणी उरला आहे.

दर हंगामाचा प्रश्न

पण केवळ जुने घोडे दाखवून उद्यान चालत नाही. 'यंदा नवीन काय?' हा प्रश्न प्रत्येक मालकाच्या उशाशी असतो. नवीन म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो रोलर कोस्टर, आणि तोही शेजाऱ्यापेक्षा उंच. मोठ्या कंपन्यांना हे झेपते. छोट्याने त्या शर्यतीत उतरावे का?

शेजारच्या ओहायो राज्यातील 'जिऑगा लेक'ची कहाणी या बाबतीत आठवण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले, तळ्याकाठचे हे कौटुंबिक उद्यान. ते एका मोठ्या कंपनीच्या हाती गेले आणि २००० साली एका हंगामात तिथे चार नवे रोलर कोस्टर उभे राहिले. पुढच्याच वर्षी तळ्यापलीकडचे जलचरांचे उद्यानही त्यात सामील झाले. २००४ मध्ये ते सगळे दुसऱ्या कंपनीला विकले गेले. सप्टेंबर २००७ मध्ये हंगाम संपवून लोक घरी गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत जाहीर झाले की पाळणे आता पुन्हा फिरणार नाहीत. १९२५ सालचा तिथला लाकडी 'बिग डिपर' बरीच वर्षे गवतात उभा होता. २०१६ मध्ये तो पाडण्यात आला.

या शेवटाची कारणे अनेक होती. पण एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. रोलर कोस्टरची उंची वाढली म्हणून उद्यानाचे आयुष्य वाढतेच असे नाही.

टाकून दिलेले सोने

कनोबल्सने १९८० च्या दशकात या प्रश्नाचे वेगळेच उत्तर शोधले. टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहरात 'प्लेलँड पार्क' नावाचे उद्यान १९८० मध्ये बंद पडले होते. तिथे हर्बर्ट श्मेक यांनी रचलेला, १९४७ सालचा 'रॉकेट' हा लाकडी रोलर कोस्टर धूळ खात उभा होता. कनोबल कुटुंबाने तो विकत घेतला. फळी फळी सुटी करून, तिच्यावर खूण करून, अडीच हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास घडवून तो ओढ्याकाठी आणला आणि पुन्हा जोडला. १५ जून १९८५ रोजी तो सुरू झाला. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याच्या नावावरून त्याचे नाव ठेवले 'फिनिक्स'.

उंची अवघी ७८ फूट. आजच्या हिशेबाने काहीच नाही. मग गर्दी का? डबे आधी एका लांब, अंधाऱ्या बोगद्यात शिरतात. आतून येणाऱ्या किंकाळ्यांनीच निम्मी मजा वसूल होते. नंतर साखळी त्यांना चढावर ओढून नेते. माथ्यावर साखळी सुटली की पुढे इंजिन नाही, काही नाही. चढताना साठवलेल्या उंचीवरच सगळी धाव. शेवटी एकामागून एक छोटे उंचवटे येतात. डबा उंचवट्यावरून खाली वळतो, पण शरीर मात्र आधीच्या वेगाने वरच जाऊ पाहते. क्षणभर माणूस आसनावरून उचलला जातो आणि पोटात गोळा येतो.

मग डबा रुळावरून उडत कसा नाही? त्याला चाके तीन बाजूंनी असतात: रुळाच्या वर, कडेला आणि खालीसुद्धा. खालच्या चाकांची ही युक्ती जॉन मिलर या अमेरिकन रचनाकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केली. त्यामुळेच उतार तीव्र करणे शक्य झाले.

मांडीवर एक दांडा, बाजूला नातवाचा हात आणि उलटेपालटे काही नाही. त्यामुळे तब्येत ठीक असेल तर साठीची आजीही यात बसू शकते. या व्यवसायातील एका नियतकालिकातर्फे दिल्या जाणाऱ्या 'गोल्डन तिकीट' पुरस्कारांत २०१८ साली जगातील सर्वोत्तम लाकडी रोलर कोस्टर ठरला तो हाच, टाकून दिलेला!

सात वर्षांची तपश्चर्या

यश मिळाल्यावर पुन्हा तोच मार्ग धरायचा विचार होता. कोलोरॅडोतील डेन्व्हर शहरात एलिच गार्डन्समधला 'मिस्टर ट्विस्टर' रिकामा पडला होता. पण तो हलवणे व्यवहार्य ठरले नाही. तेव्हा त्याची रचना आधाराला घेऊन कनोबल्सने स्वतःच्या जागेत बसेल असा नवा 'ट्विस्टर' १९९९ मध्ये उभारला. जागा अपुरी, म्हणून एक लांब चढ न करता त्याचे दोन तुकडे केले.

त्यानंतर मात्र हौसेने परीक्षाच पाहिली. १९२० च्या दशकाअखेर अमेरिकेत 'फ्लाइंग टर्न्स' हा प्रकार निघाला होता. त्याला रूळ नसतात. लाकडी पन्हळीतून डबे बर्फावरच्या घसरगाडीसारखे डुलत खाली येतात. हा प्रकार जगातून नाहीसा झाला होता. कनोबल्सने तो पुन्हा करायचे ठरवले आणि २००६ मध्ये काम काढले. पन्हळ तयार झाली, पण चाके आणि डबे काही मनासारखे जमेनात. कागदावरचे गणित आणि प्रत्यक्षातले डुलणे जुळता जुळेना. हंगामामागून हंगाम गेले, लोक विचारून थकले. अखेर २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये पहिले प्रवासी बसले.

सात वर्षे पैसा अडकवून ठेवणे कुठल्याही छोट्या धंद्याला सोपे नसते. भागीदारांना जाब द्यावा लागणाऱ्या कंपनीने तो नाद केव्हाच सोडला असता. इथे घरचा धंदा, घरचे सुतार आणि दारातले लाकूड, म्हणून निभावले.

मग पुढचा कुठला?

कनोबल्सने नव्याकडे पाठ फिरवलेली नाही. २०१५ मध्ये जर्मन कंपनीचा 'इम्पल्स' आला. सरळसोट वर चढणारा, ९८ फुटांवरून कोसळणारा आणि चारदा उलटा करणारा. तरुण पोरांना तोही हवाच. आजी-आजोबा मात्र त्या वेळी बाकावरच बरे.

पण इथून पुढे छोट्या उद्यानाने काय आणावे, याचे उत्तर इंडियाना राज्यातील सांता क्लॉज गावच्या 'हॉलिडे वर्ल्ड'नेही जवळजवळ तेच दिले आहे. हेही कौटुंबिक मालकीचे उद्यान. त्यांच्याकडे २००६ पासून 'व्हॉयेज' हा मैलापेक्षा लांब, प्रचंड लाकडी रोलर कोस्टर आहे. तरीही २०२४ मध्ये त्यांनी आणला तो ७७ फुटी, घरच्या सगळ्यांना झेपणारा 'गुड ग्रेव्ही'. त्याची सजावट चक्क आजीच्या स्वयंपाकघराची! रश्श्याच्या भांड्याच्या आकाराची गाडी आधी पुढे जाते आणि मग त्याच वाटेने उलटी मागे येते.

दोन्ही ठिकाणचा अनुभव एकच सांगतो. नवा रोलर कोस्टर घेताना छोट्या मालकाने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. यात नातू आणि आजी शेजारी बसू शकतील का? बिघडला तर आपल्याच माणसांना तो दुरुस्त करता येईल का? आणि त्याचे कर्ज फेडण्यासाठी उद्या दाराला फाटक लावून प्रवेशाचे पैसे घ्यावे लागतील का? पहिल्या दोहोंचे उत्तर 'हो' आणि तिसऱ्याचे 'नाही' येत असेल, तर उंची किती हे कुणी विचारत नाही.

संध्याकाळी दिवे लागले की फिनिक्सची लाकडी चौकट उजळते. चढावर साखळीचा खडखडाट होतो, बोगद्यातून किंकाळ्या येतात. बाकावर पिशव्या सांभाळत बसलेली एखादी आजी बराच वेळ तिकडे बघत असते. मग ती पिशव्या शेजारी सोपवते, एक तिकीट काढते आणि नातवाचा हात धरून रांगेत जाऊन उभी राहते.

जाण्यापूर्वी

उद्यान साधारण एप्रिल अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालते. ऐन उन्हाळ्यात रोज, एरवी बहुधा शनिवार-रविवारी. जवळ राहायला तंबू आणि लाकडी खोल्यांची सोय आहे, मात्र ती आधी राखून ठेवावी. हृदयविकार, पाठदुखी किंवा गरोदरपण असेल त्यांनी रोलर कोस्टरचा मोह टाळावा. त्यांच्यासाठी ६३ घोडे आहेतच!