कोणत्या बायसला?

आंकड्याचा मान मोठा. अमक्याला गुण किती, तमक्याचा पगार किती, असें विचारलें कीं एक संख्या हातीं येते आणि आपलें समाधान होतें. ती संख्या कोणत्या परिस्थितींत मोजली, असें विचारणारा मनुष्य मात्र चिकित्सक ठरतो. पंचवीस वर्षें ट्रान्झिस्टर शिकवून मला ह्या चिकित्सकपणाचीच गोडी लागली आहे.

१९४७ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मलेला हा इवलासा जिन्नस मोठा मानी आहे. त्याच्या बेसला एक मिलिव्होल्टचा सूक्ष्म धक्का देऊन पाहा. कलेक्टरमधून अगोदरच एक मिलिअँपिअर प्रवाह वाहत असेल, तर तो सुमारें ०.०४ मिलिअँपिअरनें वाढतो. दहा वाहत असतील, तर वाढ सुमारें ०.४ होते. धक्का तोच, ट्रान्झिस्टर तोच. बदलली ती केवळ त्याची मूळची स्थिर अवस्था, म्हणजे बायस. म्हणूनच बीसी ५४७च्या माहितीपत्रकांत ह्या सूक्ष्म संकेतांचे गुणांक देतांना शेजारीं अट छापलेली असते: दोन मिलिअँपिअर, पांच व्होल्ट.

आमच्या पेणच्या मूर्तिकारांना हें सूत्रावांचून ठाऊक आहे. शाडूची मूर्ति ओली असतांना बोटाचा हलका दाब तिच्या गालाला गोलाई देतो. वाळल्यावर त्याच दाबाला ती दाद देत नाहीं.

पूर्वीं निरनिराळ्या बायसला हे गुणांक काढावयाचे म्हणजे अख्खी दुपार जाई, आणि बोटाच्या उबेनेंहि आंकडे हलत. १९७३ सालीं बर्कले विद्यापीठांतून ‘स्पाइस’ बाहेर पडलें, आणि त्याच्या वंशजांनीं हें काम क्षणाचें केलें. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें तयार झालेलें ‘ई-सिम’ तर आमच्या मुलांना फुकट मिळतें. यंत्र प्रथम स्थिर अवस्था सोडवतें, त्या बिंदूपाशीं वक्ररेषेला स्पर्शिका काढतें, आणि पुढच्या बायसकडे वळतें.

रोह्याहून गाडीनें येणारा एक विद्यार्थी वर्गांत तोंड उघडीत नसे. तोंडी परीक्षेंतहि तो गप्प राहिला आणि ‘मंद’ हा शेरा त्याला चिकटला. प्रयोगशाळेंत एकटाच तासभर संगणकापुढें बसल्यावर मात्र त्यानें ०.१ पासून ५० मिलिअँपिअरपर्यंतचा आलेख काढला. मग हळूच म्हणाला, “सर, जास्त प्रवाहाला ही सरळ रेषा वांकते. खरा ट्रान्झिस्टरहि असाच वागतो, कीं हें फक्त मॉडेलचें?” इतका नेमका प्रश्न मला वर्षानुवर्षांत कोणी विचारला नव्हता. आम्हीं खरा ट्रान्झिस्टर जोडला, तो तापण्यापूर्वीं भराभर मापें घेतलीं. वांक तेथेंहि होता.

पुढें नोकरीसाठीं त्याचा शिफारसीचा कागद माझ्याकडे आला. ‘आकलनशक्ति’ ह्या शब्दापुढें तीन चौकटी होत्या: उत्तम, मध्यम, सामान्य. मीं पहिलीवर खूण केली आणि खालीं लिहिलें, ‘शांत जागा, स्वतःचें काम, तासभर वेळ.’ वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांत विक्षिप्तपणा दिसला असेल. पण कवडीमोलाच्या ट्रान्झिस्टरला मिळणारी एका ओळीची सवलत रोह्याच्या मुलाला नाकारावी, हें मला पटेना.