वसईचं चर्च आणि माहेरची वही

मुंबईहून लोकलने वसई रोडला उतरावं नि पश्चिमेची वाट धरावी. अजून टिकून असलेल्या केळीच्या बागा, फुलांचे मळे आणि मधूनच चर्चचा मनोरा! इथल्या ख्रिस्ती भगिनी मराठी बोलतात, चर्चमधली मिस्साही मराठीत होते. लग्न ठरलं की हळदीची धांदल असतेच. पण आधी फेरी होते ती धर्मगुरूंकडे. वधूवरांनी विवाहपूर्व शिबिर करायचं, बाप्तिस्म्याचा दाखला नव्याने काढायचा. मग दोघांची नावं चर्चमध्ये जाहीर होतात. कुणाला काही हरकत ठाऊक असेल, तर त्यानं वेळीच सांगावं!

बाळाच्या बाप्तिस्म्याची तयारी त्या मानाने सुटसुटीत. पांढरा झगा, मेणबत्ती आणि धर्ममाता-धर्मपिता. धर्ममाता साधारणपणे १६ वर्षं पूर्ण झालेली हवी. बाळाला श्रद्धेच्या वाटेवर सोबत करणं हे तिचं काम. नुसती भेटवस्तू देऊन भागत नाही.

खरी गंमत पुढेच. तान्हेपणी वहीत बाप्तिस्म्याची जी नोंद होते, तिच्याच शेजारी पुढे लग्नाचीही होते. लग्न दुसऱ्या चर्चमध्ये लागलं, तरी तिथून तसं कळवतात. मुलगी सासरी जाते, आडनाव बदलतं. या वहीतली तिची ओळ मात्र जागची हलत नाही. मैत्रिणींनो, माहेरी अशी हक्काची ओळ आपल्यापैकी कितीजणींची असते?