डोकं दुखतंय? सायनसच असेल असं नाही

आमच्या देऱ्यात कुणाचं डोकं दुखलं की शेजारीपाजारी एकच निदान करतात, सायनस! कारणंही तयारच असतात. उन्हाळ्यात बाहेर ४० अंशांच्या वर उष्मा, खाडीची दमट हवा, आत एसीचा गारठा, आणि शमाल वारा सुटला की घरभर बारीक धूळ. बिचाऱ्या नाकाने सोसायचं तरी किती? मग वाफारा, बाम, निलगिरीचं तेल, कपाळावर सुंठीचा लेप सुरू होतो.

पण सायनस म्हणजे काय? मुलांनो, आधी तुम्हांला सांगतो. आपल्या चेहऱ्याच्या हाडांत नाकाभोवती हवेच्या पोकळ्या असतात. त्यांच्या ४ जोड्या: गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या मागे खोलवर. घरातल्या खोल्याच समजा. प्रत्येक खोलीला नाकात उघडणारं लहानसं दार असतं. आतल्या अस्तरातून शेंबूड तयार होतो आणि केसांहून बारीक तंतू तो दाराकडे ढकलत नेतात. सर्दीने अस्तर सुजलं की दार बंद होतं, शेंबूड आत तुंबतो आणि दुखायला लागतं.

मागच्या हिवाळ्यात मला हा अनुभव आला. आठवड्याची सर्दी, बरी होतेय असं वाटलं आणि पुन्हा उलटली. घट्ट पिवळा शेंबूड, अंगात ताप. बुटाची नाडी बांधायला वाकलो की उजव्या गालात दगड भरल्यासारखं वाटे. वरची दाढही ठणकायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "दाढ चांगली आहे, नाकाच्या डॉक्टरांकडे जा." वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या तळाला खेटून असतात. दुखणं एकाचं, बोंब दुसऱ्याची!

नाकाच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं. पाणी उकळून गार केलेलंच, थेट नळाचं नाही. ते म्हणाले, साध्या सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही. १० दिवसांत उतार पडला नाही, ताप फार चढला किंवा बरं होता होता पुन्हा उलटलं, तर त्याचा विचार करायचा.

त्याच दिवसांत अश्दोदहून माझी मावशी आली. २०२०च्या करारानंतर थेट विमानं सुरू झाली आणि अशा भेटी घडू लागल्या. तिची "सायनसची डोकेदुखी" तीस वर्षांची. मसाल्याच्या बाजारात हिंडताना ऊद-अत्तराचा वास आला आणि अब्रात बसून खाडीपलीकडे उतरेपर्यंत तिचं अर्धं डोकं ठणकू लागलं. उजेड नकोसा झाला, उलटी झाली.

"बघ ना, नाकातून पाणी येतंय. सायनसच आहे माझं," ती म्हणाली.

"मावशी, माझ्या डॉक्टरांना एकदा दाखवू या, चल."

डॉक्टरांनी नाक तपासलं, बारीकसारीक सगळं विचारलं आणि सांगितलं की ही अर्धशिशी आहे. चेहऱ्याची वेदना मेंदूकडे नेणारी जी नस, तीच अर्धशिशीत चाळवते. म्हणून नाक चोंदतं, डोळे पाणावतात, गाल-कपाळ दुखतं, आणि माणसाला वाटतं सायनस. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे म्हणणाऱ्या २,९९१ जणांपैकी ८८ टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीची निघाली होती!

मावशी जरा वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, "तीस वर्षं वाफ घेतली रे मी!" आता तिची औषधं वेगळी आहेत. झोप कधी मोडली, जेवण कधी चुकलं, कोणता वास बाधला, ते ती वहीत लिहिते. पूर्वीसारखी दोन-दोन दिवस अंथरुणाला खिळत नाही.

आता आपल्या वडीलधाऱ्यांसाठी चार गोष्टी. नाक मोकळं करणारे थेंब ४-५ दिवसांवर घालू नका, नाक उलट जास्त चोंदतं. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका. पन्नाशीनंतर नव्यानेच डोकं दुखू लागलं, कानशिलं हाताला दुखली, चावताना जबडा भरून आला किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो आणि त्यात दृष्टी जाते. डोळ्याभोवती सूज आली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तरीही थांबू नका. मधुमेहींनी तर विशेष जपावं. २०२१ साली कोविडच्या लाटेत महाराष्ट्रात काळ्या बुरशीने सायनसमधून शिरून कित्येकांचे डोळे आणि प्राण घेतले. त्यांत साखर ताब्यात नसलेले पुष्कळ होते.

आणि मुलांनो, आजी-आजोबा "काही नाही, सायनस आहे" म्हणाले, तर त्यांना विचारा, "कुणी सांगितलं? डॉक्टरांनी की शेजाऱ्यांनी?"