कोळसा

आपल्या मराठीने कोळशाच्या बाबतीत भलतीच काटकसर केली आहे. शेगडीतला तो कोळसा आणि आगगाडीच्या इंजिनातला तोही कोळसाच! फार तर पहिल्याला ‘लोणारी’ म्हणायचे आणि दुसऱ्याला ‘दगडी’. वास्तविक दोघांची कुळे वेगळी. लोणारी लाकडांची रास रचून ती मातीने लिंपतात आणि बेताच्या हवेत धुमसू देतात. चार-पाच शेर लाकूड आत जावे, तेव्हा शेरभर कोळसा हाती यावा. दगडी कोळसा मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीच्या पोटात पडून राहिलेला. शिवाय संसाराचा होतो तोही कोळसाच, आणि सावळ्या मुलीला लोक म्हणतात तोही.

हा शेवटचा अर्थ मी एकदा वापरला आहे.

जळगावच्या आमच्या घरी दिवाळीत अनारसे शेगडीवर तळले जात. आच मंद हवी, म्हणून अक्का एकेक निखारा चिमट्याने बाजूला सारीत होती. मी नैवेद्याआधीच ताटात हात घातला. तिने चापट मारली. मी ओरडलो, “कोळसा! तुला कोण करून घेणार?”

वाक्य माझे नव्हते. आठवड्यापूर्वी अक्काला पाहून गेलेल्या मंडळींचा नकार आला, तेव्हा घरातली वडीलधारी माणसे जे कुजबुजली होती, तेच मी मोठ्याने म्हटले. अक्का काही बोलली नाही. तिने बाजूला सारलेला निखारा उचलून पुन्हा शेगडीत टाकला, एवढेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही मामांकडे धुळ्याला निघालो. चाळीसगावला गाडी बदलली. मी हट्टाने खिडकीशी, इंजिनाकडे तोंड करून बसलो, आणि व्हायचे तेच झाले. डोळ्यात कण गेला. मी डोळा चोळून लाल केला. तेव्हा अक्काने माझे डोके मांडीवर घेतले, पापणी उलटवली आणि पदराच्या टोकाने कण अलगद टिपला.

“निघाला बघ कोळसा,” असे म्हणून ती हसली.

मला हसता आले नाही. डोळ्याला पाणी होतेच, त्यामुळे कुणाला काही कळले नाही.

शब्दांची मुळे खणण्यात हयात घालवलेले इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली ह्याच धुळ्यात निवर्तले. पण शब्द कुठून आला हे कोशात सापडते. तो कुणाला कुठे लागला, हे सापडत नाही.

‘कोळसा उगाळावा तितका काळाच,’ असे आपण म्हणतो. उगाळणाऱ्याने तो कधी पेटवून पाहिला नसावा. दिवाळीच्या भुईनळ्यात सोरा आणि गंधक यांच्या जोडीला कोळशाची पूड असते, म्हणून तर झाड फुलते!

अक्काचे पुढे लग्न झाले, नातवंडे झाली. गेल्या भाऊबिजेला ओवाळून झाल्यावर मी धीर करून तिला म्हटले, “अक्का, त्या दिवशी मी तुला कोळसा म्हणालो होतो.”

“आठवतं,” ती म्हणाली. मला वाटले होते, ती विसरली असेल. “पण तू लहान होतास. ज्यांचे शब्द होते, त्यांनी कधी असं म्हटलं नाही.”

मग तिने अनारशांचे ताट माझ्यापुढे सरकवले. या खेपेला चापट मारली नाही.