अक्षराच्या माथ्यावरची पेटी : नगरधन ते निर्णयसागर

१/ रोमन अक्षरांच्या टोकांना जी बारीक आडवी पावले असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. प्रदीर्घ वाचनाच्या पुस्तकांत शतकानुशतके अशीच अक्षरे रुळली. आपले अक्षर मात्र पायावर उभे राहत नाही. ते माथ्याला टांगलेले असते. म्हणून आपल्याकडचा सेरिफ शोधायचा तर अक्षराच्या माथ्याकडे पाहावे लागते. त्याचे एक देखणे रूप नागपूरच्या परिसरातच सापडते.

२/ रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. वाकाटकांच्या बहुतेक ताम्रपटांत अक्षराच्या माथ्यावर एक इवलासा चौकोन कोरलेला असतो. कधी पोकळ, कधी भरीव. या वळणाला पेटिकाशीर्षक म्हणतात.

३/ हा केवळ अलंकार होता काय? ताम्रपट म्हणजे दानाचा दस्तऐवज. कोणते गाव कोणास दिले, कोणत्या करांतून सूट मिळाली, हे त्यात नोंदलेले असे. पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क त्या अक्षरांवर तोललेला होता. ती रेखीव आणि निःसंदिग्ध असणे ही सौंदर्यापेक्षा मोठी गरज होती.

४/ द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची सून. नंदिवर्धनाहून दिलेल्या तिच्या ताम्रपटात (तो आज ‘पुणे ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो) वंशावळ माहेरची, गुप्तांची आहे. आणि अक्षरांचे माथेही पेटीचे नसून प्रामुख्याने खिळ्याच्या आकाराचे आहेत. तिच्याच रिद्धपूर ताम्रपटात मात्र पेटी परतते. एका राणीच्या दोन दानपत्रांत अक्षरांची दोन वळणे नांदतात.

५/ हे लेख अभ्यासकांपुढे एकत्र आले ते नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यामुळे. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांनी संपादिलेला खंड १९६३ साली प्रसिद्ध झाला.

६/ एक सावधगिरी आवश्यक आहे. देवनागरी या पेटिकाशीर्षक वळणातून जन्मलेली नाही; ती उत्तरेकडील लिपिपरंपरेतून आली. तेथे सुट्या अक्षरांचे माथे रुंदावत गेले, एकमेकांस भिडले आणि त्यांची सलग शिरोरेषा झाली. या रेषेमुळे संपूर्ण शब्द एका दृष्टिक्षेपात हाती लागतो.

७/ ही रेषा शिशाच्या सुट्या खिळ्यांतून साधणे कठीण होते. जोडणीत किंचित फट राहिली तरी शब्द तुटे. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६४ साली टाइप फाउंड्री आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांच्या हातून तेथील अक्षरे घडली. बोरूच्या लेखणीचा जाड-बारीकपणा त्यांत उतरला आणि संस्कृत-मराठीचे जाडजूड ग्रंथ वाचकांना सुखाने वाचता आले.

८/ आज तेच मजकूर मोबाइलच्या लहानशा पडद्यावर, पुष्कळदा एकाच जाडीच्या कृश अक्षरांत वाचले जातात. अशा वेळी चार पाने वाचून डोळे शिणले, तर उणीव वाचकाच्या चिकाटीतच असते असे नाही. नंदिवर्धनाच्या कोरक्याने तांब्यावर एकेका अक्षराला माथा दिला होता. तेवढी आस्था पडद्यावरच्या अक्षरालाही लाभायला हवी.